विल्काकांच्या टोपीतले दात

रेडरूथच्या मैदानात उतरण्याआधी आघाडीचे गडी आपापल्या कवळ्या काढून संघाचं सामान सांभाळणाऱ्या विल्काकांच्या टोपीत टाकत. एकावन्न साली कॉर्नवॉलमध्ये आघाडीला रग्बी खेळणाऱ्याचे खरे दात फार दिवस टिकत नसत. त्या शनिवारी पाहुण्या ग्लॉस्टरवाल्यांनी विचारलं, तेव्हा विल्काकांनी त्यांचेही दात त्याच टोपीत घेतले. माणूस मनाचा मोठा. टोपी मात्र एकच.

हेडली ट्रेगिअर हा कथिलाच्या खाणीतला कामगार. दोन्ही संघ डोकी खाली घालून भिडतात त्या झुंजीत मधोमध वाकून टाचेने चेंडू मागे ओढणं हे त्याचं काम. वय एकतीस झालेलं. इंग्लंडच्या संघात नेमकी तीच जागा रिकामी होती. तो आणि ग्लॉस्टरचा सिरिल हॉबिन, दोघांतला एक निवडायला निवड समितीचे मेजरसाहेब आले होते. दोघेही तोडीस तोड खेळले.

"आता जेवताना बघू," मेजरसाहेब म्हणाले. "चारचौघांत कसं वागतात तेही कळायला हवं."

विल्काकांनी घाईघाईने दात वाटले. पंगतीत हेडलीने पहिला घास घेतला आणि वरची कवळी सुटून जिभेवर आली. समोर सिरिल हसला. ते हसू हेडली रोज सकाळी आरशात बघत असे!

तोंडावर रुमाल धरून तो पुटपुटला, "माझे दात दे."

"साहेब गेल्यावर देतो. काय झकास बसलेत रे! माझे दोन वर्षं टोचत होते."

"चोरा!"

"हळू, राजा. पडतील."

तेवढ्यात मेजरसाहेब वळले. "काय ट्रेगिअर, यंदाच्या निवडीबद्दल तुमचं मत काय?"

हेडलीने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"बोल की रे बाबा!" मागून विल्काका कळवळले.

"मी सांगतो," सिरिल म्हणाला. दोन वर्षांनी त्याचं तोंड दुखायचं थांबलं होतं. वेल्सशी आपण का हरलो, कोणाला उगाच घेतलं, कोण कोणाचा भाचा, सगळं त्याने सांगितलं. ताटातलं मांस गार झालं आणि मेजरसाहेबांचे कान लाल.

निघताना त्यांनी हेडलीच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतःचं मत नसलेला खेळाडू मला पहिल्यांदाच भेटला. इंग्लंडकडून तुम्हीच खेळायचं."

ते दाराकडे गेले, तसे दोघांनी पाठ वळवून दात बदलले.

"सगळं खरं बोललास तू," हेडली म्हणाला. "आणि तो डावा विंगर तर..."

"तर काय?"

"थांब, साहेबांना गाडीत बसू दे."