सीटखालची डबी

मिस्त्रींच्या हातून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत आली, असं कधी झालं नव्हतं. हे मिस्त्री स्वतःच सांगत, आणि विचारलं नसेल त्यालाही सांगत. गाड्यांमध्ये वायरलेसचे संच बसवायचे, हा त्यांचा धंदा. मोबाइल आले तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पण रुग्णवाहिका, बंबवाले, खाणीतले ट्रक आणि मोबाइलचं नुसतं खेळणं होऊन बसतं अशा आडवाटेला फिरणारी माणसं अजून त्यांच्याच दाराशी येत. दुकान म्हणजे जेमतेम दोन गाड्या मावतील अशी शेड आणि तिच्या पाठीला एक खोली. खोलीत टेबलावर दुकानाचा स्वतःचा संच, आणि संचासमोर मिस्त्रीणबाई.

मिस्त्रीणबाई लग्नाआधी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होत्या. तिथे त्यांनी दोन गोष्टी कमावल्या, एक म्हणजे तयार कान आणि दुसरी म्हणजे वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्याने बांधायची पद्धत. प्रत्येक वेढ्याला एक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. मिस्त्री प्लॅस्टिकची पट्टी घालून खस्सकन ओढणाऱ्यांतले. "वायर बांधतेयस की वेणी घालतेयस?" असं ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून विचारत आले होते. बाईंनी दोराही सोडला नाही आणि उत्तरही दिलं नाही.

संच बसवून झाला की चाचणी व्हायची. मधलं दार लावून घ्यायचं, मिस्त्रींनी गाडीत बसून माइक उचलायचा. "गाडी बोलतेय. दुकान, कसं ऐकू येतंय? ओव्हर." आतून बाई म्हणायच्या, "दुकान. स्वच्छ. ओव्हर." यापुढे एक शब्द नाही. एकदा बाईंनी "अहो, येताना साबण आणा" असं संचावरून सांगितलं, तर मिस्त्रींनी तो दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला होता. हवेत संसार आणायचा नाही, हा त्यांचा नियम.

धंद्यात त्यांना खरी चीड होती ती शिट्टीची. वायर कुठे कच्ची राहिली की इंजिनाची एक बारीक शिट्टी संचात शिरते, आणि इंजिन रेस केलं की तीही वर चढते. गाडीत ती बारीकच ऐकू येते, म्हणून बोलणाऱ्याला तिचं काही वाटत नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाते आणि तिच्याखाली शब्द दबतात. अँटेना बरोबर बसली की नाही ते मीटरचा काटा सांगतो. शिट्टीसाठी मिस्त्री मीटर वापरत नसत. "हे काय, दोन लावलेत की देवाने," असं म्हणून ते स्वतःचे कान दाखवत. काम उरकलं की ते आधी समोरच्या टपरीवर चहा घेऊन यायचे, कान ताजे करायचे, मग शेवटचं ऐकायचे आणि गाडी सोडायचे. दुसऱ्या कुणा मिस्त्रीचं असलं काही नव्हतं, म्हणून त्यांना या पद्धतीचा विशेष अभिमान होता.

गेल्या काही वर्षांत मात्र लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले आहेत, अशी त्यांची कुरकुर असायची. घराच्या दाराची बेलसुद्धा टाकाऊ निघाली होती. मिस्त्रींनी ती उघडून पुसली, परत लावली, पुन्हा उघडली. "आता वाजते," बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

त्या दिवशी कालव्यावरची इंजिनिअर आली. तिची जुनी गाडी आदल्या दिवसापासून शेडमध्येच होती, आणि आता ती नवी घेऊन आली होती. आखूड, उंच, लहान एसयूव्ही, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नव्हतं.

"काका, जुनीतला संच काढून हिच्यात बसवायचा," ती म्हणाली. "पण टपाला भोक पाडायलाच हवं का हो?"

"कान टोचल्याशिवाय कुडी घालता येते का?"

"माझी पहिली नवी गाडी आहे ही."

"मग डोळे मिटून घे. तिला दुखत नाही, तुलाच दुखतंय."

ती हसली, पण टपाकडे बघायची थांबली नाही. मिस्त्री असे चेष्टेखोर असले तरी तिच्या कामाचं मोल त्यांना ठाऊक होतं. कालवा डोंगर कापून नेलेला, त्या खोबणीत मोबाइलला एक काडी मिळत नाही. दर दरवाजाशी एक माणूस संच घेऊन उभा असतो आणि ही सांगेल तेवढाच दरवाजा उचलतो. तिचं सांगणं अर्धवट पोचलं तर खालच्या वस्तीत पाणी शिरायला वेळ लागत नाही.

नव्या गाडीत संच ठेवायला जागाच नव्हती. समोर टीव्हीएवढा पडदा, त्याच्याखाली बटणं, उरलेल्या जागेत पाण्याची बाटलीही वाकडी करून ठेवावी लागेल. तेव्हा संच दोन भागांत बसवायचा ठरला. जड धूड ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, बटणांचं लहानसं तोंड गिअरजवळ, आणि मधे गालिच्याखालून एक केबल. जुन्या गाडीत संचाची वायर सीटखालून गेलेली होती, म्हणून मिस्त्रींनी आधी तिची सीट सोडवली.

सीट बाजूला झाली आणि मिस्त्री जागीच थबकले. संचाकडे येणाऱ्या जाड वायरीवर साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसवलेली होती. शिट्टी गिळणारी डबी. बाजारात मिळते, आणि ज्याला वायर नीट टाकता येत नाही तो ती लावतो, असं मिस्त्रींचं मत होतं. आपण ती लावलेली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डबीच्या दोन्ही अंगांना मेणाचा दोरा होता. प्रत्येक वेढ्याला एक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत.

"हे कधी?" त्यांनी विचारलं. खरं तर स्वतःलाच, पण इंजिनिअर जवळच उभी होती.

"ती डबी ना? तुम्ही बसवलंत त्याच दिवशी. तुम्ही चहाला गेला होतात, तेव्हा काकूंनी लावली. म्हणाल्या, मिस्त्रींनीच सांगून ठेवलंय." ती सहज म्हणाली. "का? तीही नवीत लागेल ना?"

"बघू," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी दोरा कापला नाही. गाठी एकेक सोडवल्या, डबी काढली आणि खिशात टाकली. आधी त्यांना राग आला. चांगलाच आला. आपल्या पाठीमागे आपल्या कामात हात घालायचा, वर आपल्याच नावावर खपवायचं. मग रागाच्या मागून एकेक गाडी आठवायला लागली. रुग्णवाहिका, बंब, खाणीतले ट्रक. सगळ्या चहाच्या वेळेला शेडमध्ये उभ्या राहिलेल्या आणि सगळ्या तक्रारीशिवाय गेलेल्या. दाराची बेलही आठवली. बेलला काही झालेलं नव्हतं.

मधलं दार उघडंच होतं. आत मिस्त्रीणबाई पाठमोऱ्या बसून काहीतरी आवरत होत्या. मिस्त्री त्यांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग स्क्रू ड्रायव्हर उचलून नव्या गाडीकडे वळले.

हात मात्र नेहमीसारखे चालले. टपावर चिकटपट्टी लावून मधोमध खूण केली, आतलं अस्तर खाली ओढून वरून ड्रिल धरलं. इंजिनिअरने खरोखरच डोळे मिटून घेतले. भोकाच्या कडा घासल्या, वर अँटेनाचं बूड बसवलं, केबल अस्तराखालून मागच्या खांबातून उतरवली. पुढच्या खांबात हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग असते, तिच्या वाटेला जायचं नाही. बॅटरीपासून वायर आणली, बॅटरीशेजारी फ्यूज घातला, नकाराची, म्हणजे अर्थिंगची वायर सीटच्या बोल्टखाली दाबली, धूड सीटखाली सरकवलं आणि तोंड गिअरजवळ बसवलं. अँटेनाचा काटा बघितला. काटा हवा तिथे होता. काट्याचं बरं असतं, तो दिसतो.

मग त्यांनी इंजिन चालू केलं, संच लावला आणि ऐकलं. स्वच्छ. इंजिन रेस केलं. तरी स्वच्छ. आजवर सगळ्या गाड्या अशाच स्वच्छ होत्या. मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वच्छ आवाजाची भीती वाटली.

मिस्त्रीणबाई दारात आल्या. त्यांचा एक हात पाठीमागे होता.

"झालं का? चहाला जाऊन येताय ना?"

मिस्त्रींनी समोरच्या टपरीकडे बघितलं. गेलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. चहा झाला असता, परत येऊन शेवटचं ऐकलं असतं, इंजिनिअर खूश होऊन गेली असती. एकही गाडी परत आली नाही, हे पुढच्या माणसाला सांगता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. बाई वर्षानुवर्षं ज्यासाठी धडपडल्या ते सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आणि एक दिवस बाई आजारी असत्या, नाहीतर माहेरी असत्या, आणि एक रुग्णवाहिका शिट्टी घेऊन दारातून बाहेर पडली असती.

"आज नको चहा," ते म्हणाले. "तू आत जा. दार लाव. चाचणी घेऊ."

"आधी चहा तरी..."

"दार लाव."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा जुन्या गाडीच्या काढलेल्या सीटकडे. मग आत गेल्या आणि दार लागलं.

मिस्त्रींनी इंजिनिअरला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन जरा चढं ठेव म्हणाले. स्वतः पलीकडच्या उघड्या दाराशी गुडघे टेकून बसले आणि माइक हातात घेतला. समोरासमोर, जेवायला बसल्यावर, त्यांना हे कधीच विचारता आलं नसतं. तोंड बघून विचारलं असतं तर बाई नाहीच म्हणाल्या असत्या, आणि त्यांनी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं.

"गाडी बोलतेय. दुकान, कसं ऐकू येतंय? ओव्हर."

"दुकान. स्वच्छ. ओव्हर." उत्तर लगेच आलं.

मिस्त्रींनी परत बटण दाबलं. नुसतं इंजिन चाललं होतं.

"दुकान," ते म्हणाले, "जुनी डबी माझ्या खिशात आहे. शिट्टी येतेय का? खरं सांग. ओव्हर."

इंजिनिअर त्यांच्याकडे बघायला लागली, मग तिने मुद्दाम टपाकडे नजर वळवली.

"अहो," आतून आवाज आला. त्या साबणानंतर एवढ्या वर्षांत हवेत न आलेला शब्द. "येतेय."

पुढे ओव्हरही म्हणाल्या नाहीत.

मिस्त्रींना खूप काही विचारायचं होतं. कधीपासून, किती गाड्यांना, आणि मला का नाही सांगितलंस. त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "कशी आहे? जाड की बारीक?"

"बारीक. गाडी रेस केली की चढते. ओव्हर."

"म्हणजे नकाराची वायर. थांब."

त्यांनी माइक इंजिनिअरच्या हातात दिला आणि नुसतं दाबायला आणि सोडायला सांगितलं. सीट पुन्हा मागे ढकलली, बोल्ट सोडवला. नव्या गाड्यांना बोल्टच्या बुडापर्यंत जाड रंग असतो. वायर त्या रंगावर बसली होती, पत्र्यावर नाही. पूर्वी त्यांच्या कानांनी हे पहिल्या मिनिटात पकडलं असतं. त्यांनी चाकूने रंग खरवडायला घेतला. थोडं खरवडायचं, वायर दाबून धरायची आणि वर बघायचं. इंजिनिअर बटण दाबायची, सोडायची, आणि आतून उत्तर यायचं.

"अजून आहे."

मिस्त्री पुन्हा खरवडायचे. रंगाची पूड गालिच्यावर पडत होती, आणि नव्या गाडीची मालकीण त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

"कमी झाली. पण आहे."

त्यांनी कानस घेतली. पत्रा पांढरा लख्ख दिसायला लागला. वायर त्याच्यावर अंगठ्याने जोर लावून दाबून धरली. बटण दाबलं गेलं, सुटलं.

"गेली," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कापरा होता, तेवढं मिस्त्रींना ऐकू आलं. "अहो, गेली. डबी नको लावायला."

मिस्त्री डोकं वाकवून, श्वास धरून ऐकत राहिले. त्यांना आधी जसं ऐकू येत होतं तसंच आताही ऐकू येत होतं, तिळमात्र फरक नव्हता. त्यांनी पाना उचलला आणि बायकोच्या शब्दावर बोल्ट आवळला.