होडीचा उपास

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची होडी आहे आणि संतांच्या सहवासाला मी पुरती कंटाळले आहे.

माझा सांगाडा विणलेल्या फोकांचा. त्यावर ओक झाडाच्या सालीत मुरवलेली बैलांची कातडी टाके घालून चढवली आहे. त्या टाक्यांना मेंढीची चरबी चोळत राहावी लागते, नाहीतर ते सुटतात. माझे मागणे एवढेच. आमचे मठाधिपती सेनाखबाबा फार मोठे संत. गार समुद्रात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून स्तोत्रे म्हणत. भाविक यायचे आणि मलाही 'संतांची होडी' म्हणून भक्तिभावाने हात लावायचे. हात सगळे लावत, चरबी कोण लावणार?

त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा मोठा उपास लागला. लोणी, चरबी सगळे बंद. ब्रोकान नावाचा म्हातारा साधू चरबीचे मडके घेऊन माझ्याकडे निघाला, तर बाबांनी त्याला अडवले.

"सगळ्या मठाला उपास आहे. होडी काय मठाबाहेरची आहे?"

ब्रोकानला ते चक्क पटले! मला कोणी विचारलेसुद्धा नाही.

उपास संपत आला आणि पलीकडच्या बेटावर बोलावण्याची खूण म्हणून ठरलेली आग पेटली. तिथल्या मठातली बाबांची धाकटी बहीण लासार शेवटच्या घटका मोजत होती. भावाच्या हातून प्रभूचा प्रसाद घेण्यासाठी तिने जीव धरून ठेवला होता. बाबा आणि ब्रोकान मला घेऊन तडक निघाले.

अर्ध्या वाटेत माझे टाके उसवू लागले. बाबा ओंजळीने पाणी उपसू लागले. अखेर ब्रोकानने वल्ही ठेवली आणि मान खाली घालून झग्यातून लोण्याचा गोळा काढला.

"बाबा, चोरून खायला ठेवला होता. पाप झालं माझ्या हातून."

"पापाचं नंतर बघू. आण इकडं," बाबा म्हणाले आणि स्वतःच्या बोटांनी भेगांत लोणी भरू लागले.

आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा मठाची घंटा वाजत होती. लासार नुकतीच गेली होती. तिच्या उशाशी बसलेली साध्वी सामोरी आली.

"शेवटपर्यंत म्हणत होत्या, दादा येईलच, त्याची होडी चांगली आहे."

बाबा माझ्याशेजारी वाळूत बसून रडले. लोक मात्र अजून सांगतात, फुटकी होडी बाबांच्या पुण्याईने तरली. ऐकून माझे डोके फिरते.

मित्रांनो, उपास खुशाल करा, पण आपल्या पोटाचा करा. ज्याच्या जिवावर पैलतीर गाठायचा, त्याला उपाशी ठेवू नका. लासारने माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि मी वेळेवर पोचले नाही.