मागच्या खोलीतलं चाक

"आत येऊ नकोस. माणसाच्या श्वासानं हवा हलते," बाबा म्हणाले. म्हणून मी उंबऱ्याबाहेरूनच बघितलं. सायकलचं चाक, त्याच्या आऱ्यांवर सरकणारे शिशाचे गोळे. टक, टक, टक. जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माझ्या वडिलांनी म्हातारपणी आपोआप, कायम फिरणारं चाक बनवलं होतं.

"ना वीज, ना तेल. चार महिने झाले. लोक बघायला येतात. सांग तुझ्या विज्ञानाला!"

"बाबा, असं होत नसतं. शिलाई मशीनसुद्धा पाय थांबला की थांबतं."

"अक्कल शाळेत विकत घेतलीस, ती तिथंच ठेव."

पालथ्या घड्यावर पाणी. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसले. गुडघे धरलेले, त्यामुळे दिवसभर ते चाक कानांनीच बघायचे.

मी खरं तर आईला न्यायला आले होते. तिच्या पोटात गाठ होती आणि ऑपरेशनची तारीख तिने दोनदा चुकवली होती. या खेपेला तरी चल, म्हणून मी स्वयंपाकघरात तिच्या मागे लागले. तेवढ्यात टकटक मंदावली. आईने गॅस बारीक केला, हात पुसले, मागच्या खोलीत जाऊन चाकाला बोटाने ढकललं आणि परत येऊन कांदा चिरायला घेतला.

मी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"पहिल्याच दिवशी थांबलं होतं गं," ती हळूच म्हणाली. "ते झोपले होते. उठल्यावर त्यांचं तोंड कसं होईल, म्हणून एकदा ढकललं. मग सुटलंच नाही."

"आणि रात्री?"

"ते उठायच्या आत मी उठते."

बाजारात जाणंही तिने सोडलं होतं.

"अगं, गाठ वाढतेय तुझी!"

"मी गेले तर ढकलणार कोण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांना सांगायला निघाले, तर तिने कांद्याचा हात माझ्या तोंडावर दाबला. शेवटी तिला मी ओढतच दवाखान्यात नेलं. चाक थांबू दे, मला तेच हवं होतं. म्हटलं, आता तरी बाबांचे डोळे उघडतील.

टाके घेऊन आई घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. कशी आहेस, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

"जाताना चाकाला हात लावलास ना?"

आई भिंतीला टेकली. "बाबा, खरं ऐकायचंय?" मी म्हणाले. आईने माझा दंड घट्ट धरला.

"हो," ती म्हणाली. "लावला."

"तरीच! चांगलं चाललेल्याचं वाटोळं केलंस."

त्या दिवसापासून आईला मागची खोली बंद झाली. लोक मात्र अजून बघायला येतात. बाबा थांबलेलं चाक दाखवतात. "चार महिने चाललं. हिनं हात लावला आणि संपलं." पाहुणे हळहळतात. परवा एक जण आईकडे वळून म्हणाला, "काय केलंत हे, काकू!"

आई उंबऱ्याबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. टाके अजून ओले आहेत, म्हणून ती ट्रे पोटाला टेकू देत नाही, हात लांब करून धरते. कप घ्यायला बाबांनाच गुडघे धरत यावं लागतं.

"नीट धर," ते म्हणाले. "हलतोय."