फिरत्या पंख्यावरचं नाव

महादेवराव सोनटक्के केंद्रात आले की आधी पंखा बंद करावा लागे. एका पात्यावर लाल ऑइलपेंटने 'कै. रूपराव', दुसऱ्यावर 'सोनटक्के' आणि तिसऱ्यावर 'स्मरणार्थ' असं लिहिलेलं होतं, आणि पंखा फिरताना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नसे. मग पोरी घामाघूम होऊन टाइप करत बसत आणि महादेवराव मान वर करून वडिलांचं नाव सावकाश वाचत. सोबत पाहुणे असले तर त्यांच्याकडूनही वाचून घेत. त्या वेळी बटणाजवळ उभी असलेली मंजुषा मनातल्या मनात काय काय बोलत असे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

धामणखेडा आर्वीपासून नऊ किलोमीटर. तिथल्या ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत दहा कॉम्प्युटरचं केंद्र मंजुषा सहा वर्षं चालवत होती. पुण्याच्या एका संस्थेने ते सुरू केलं, पाच वर्षं पैसे दिले, आणि मग 'आता गावाने जबाबदारी घ्यावी' असं गुळगुळीत कागदावर छापलेलं पत्र पाठवून ती मोकळी झाली. आता गाव कंजूष होतं असं मुळीच नाही. गावाने पंखे दिले, वॉटर कूलर दिला, खुर्च्या दिल्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिलं. प्रत्येकावर कोणाच्या ना कोणाच्या आई-वडिलांचं नाव होतं. फक्त लाइटचं बिल कोणी भरेना, कारण बिलावर नाव कुठे घालणार?

ऑक्टोबरपर्यंत चार महिन्यांचं बिल थकलं. मंजुषाचं मानधन तर त्याआधीच बंद पडलं होतं आणि ते तिने घरी सांगितलं नव्हतं. लाइनमन चंद्रभान दोनदा येऊन सांगून गेला, "मॅडम, सोमवारी मले लाइन कापाच लागन. मंग मले नावं ठेवू नका." एकदा लाइन गेली की काय होणार हे मंजुषाला पक्कं ठाऊक होतं. कॉम्प्युटर ताडपत्रीखाली जाणार, वर ग्रामपंचायतीचं भंगार येऊन बसणार, आणि बारावीच्या पोरी फॉर्म भरायला आर्वीची एसटी धरू का म्हणून बापाच्या मागे लागणार. निम्मे बाप नाहीच म्हणणार.

म्हणून शनिवारी ती महादेवरावांच्या ओसरीवर गेली.

"काकाजी, बिलाचं पाहा न काही."

महादेवरावांनी सुपारी कातरली. "अजून एक पंखा देतो न. कधी आणू सांग."

"पंखा नको. हाय तो फिरवाले लाइट पाहिजे."

"बिलाचं कसं हाय बाई, भरलं का संपलं. उद्या कोन पाह्यते, कोनं भरलं? पंख्यावर माह्या बापाचं नाव तरी राह्यते."

मंजुषाचं डोकं तापलं. "मंग तं बरंच हाय, काकाजी. सोमवारी लाइन कापली का पंखा बंदच राहीन. आजोबाचं नाव दिवसभर वाचता येईन."

ती उठून निघाली. वाटेत, आपण जरा जास्तच बोललो असं तिला वाटलं. चार पावलांनी ते वाटणंही गेलं.

सोमवारी लाइन कापली. वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी, छप्पन वर्षांची कोकिळाबाई, दुपारी आली तेव्हा मंजुषा बंद स्क्रीनसमोर एकटीच बसली होती. कोकिळाबाई दोन बोटांनी का होईना, मुलीला पत्र टाइप करण्यापर्यंत पोचली होती, आणि पत्र अर्ध्यावर होतं.

"काऊन कापली?" तिने विचारलं. मंजुषाने पंखा, बिल, ओसरी, सगळी हकीकत सांगितली. कोकिळाबाईला हसू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

"त्याईचं काय चुकलं? आपल्या मानसाचं नाव कुठी तरी लागावं, असं वाटतेच. मले नाई वाटत का? माह्या सासूचं नाव सातबाऱ्यावर नाई, घरावर नाई. अन् पंखा घ्याची तं मले ऐपत नाई."

 सहा वर्षं मंजुषा या नावांवर चिडत आली होती. नाव लावायची हौस ही गावाची खोड, असंच धरून चालली होती. त्या हौसेला कामाला लावावं हे तिला एकदाही सुचलं नव्हतं, आणि आता स्वतःचाच राग आला.

"काकू, महिन्याले नाव देलं तं?" ती म्हणाली. "एक महिना एका मानसाच्या नावानं. त्या महिन्याचा सारा खर्च त्या घरचा. कॉम्प्युटर चालू केला का दहाही स्क्रीनवर पहिले तेच नाव, अन् खाली त्या मानसाची चार ओळींत गोष्ट. पोरी टाइप करतीन."

"सारा म्हंजे तुहा पगार धरून सांग," कोकिळाबाई म्हणाली. "इतके महिने फुकट शिकवून राह्यली तू. मले काय समजत नाई?"

मंजुषाला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बारा महिने लिहिले गेले. पहिला महिना, नोव्हेंबर, कोकिळाबाईच्या बचत गटाने मिळून घेतला, आणि थकलेलं बिलही भरलं. नाव घातलं तिच्या सासूचं, सुलोचनाबाईचं. "बाई लय कडक होती," कोकिळाबाईने गोष्ट सांगितली. "मले उभं आडवं बोले. पन गावातून प्रौढशाळेत पहिली तीच गेलती. हे लिव्हजो." शुक्रवारी चंद्रभान लाइन जोडायला आला, तो खांबावर चढायच्या आधी फळ्यासमोर थांबला. "मार्च कोनाचा हाय? मार्चात माही माय गेली." मार्च त्याचा झाला.

एक नोव्हेंबरला दहा स्क्रीनवर सुलोचनाबाईचं नाव झळकलं आणि ते बघायला अर्धं गाव लोटलं. मग काय विचारता. जून कोणाचा यावरून दोन चुलतभावांत वाद लागला. जानेवारी नरहर मास्तरांनी नेला. आठवड्याभरात फळा भरत आला.

आणि महादेवराव आले. पंख्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थेट फळ्यासमोर उभे राहिले.

"बाबा जानेवारीत गेले. जानेवारी माहा."

"तो मास्तरांनी घेतला, काकाजी."

"मले न इचारता?"

"सगळ्यात पहिले तुमच्याच ओसरीवर आलती मी."

खोलीतल्या पोरींचे हात कीबोर्डवर थांबले. महादेवरावांनी घसा साफ केला. "उरलं काय मंग?"

"मे."

मे का उरला होता हे सगळ्यांना माहीत होतं. सत्तेचाळीस डिग्री ऊन, दिवसभर पंखे आणि कूलर, त्यात उन्हाळी वर्गाच्या तीन तुकड्या. वर्षातलं सगळ्यात मोठं बिल. महादेवरावांनी फळा वरून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला.

"लिही मे," ते म्हणाले. "रूपराव सोनटक्के. पुरं लिही."

मंजुषाने खडू उचलला. तिला भलताच आनंद झाला होता आणि तो लपवायची तिने जराही तसदी घेतली नाही.

मे महिन्यात केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या वर्षीच्या फळ्यावरचा मे महादेवरावांनी एप्रिलमध्येच धरून ठेवला होता. एका सकाळी ते नागपूरच्या व्याह्यांना घेऊन आले. सवयीने मंजुषाचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

व्याह्यांनी वर बघितलं. "पंख्यावर काहीतरी लिव्हलेलं दिसते. बंद करा बरं जरा, वाचू तं द्या."

पहिल्या खुर्चीवर बारावीची सुरभी बसली होती. रूपरावांची गोष्ट तिनेच टाइप केली होती. महादेवरावांनी तिला खूण केली आणि तिने स्क्रीनवरून मोठ्याने वाचलं, "रूपराव सोनटक्के यांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. ते अंगठा लावत. मुलाचं नाव शाळेत घालायला ते पावसातून चार कोस चालत गेले."

व्याही वाकून स्क्रीन बघू लागले. महादेवरावांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ घाम पुसला.

"पंखा फिरू दे, मंजुषा," ते म्हणाले. "पोरींले गरम होते."