कुंकू लागलेल्या टोप्या

हल्ली जीपचा नुसता आवाज ऐकला तरी स्मृती हातातलं काम टाकून दाराशी धावायची. गेल्या दसऱ्याला तिचा नवरा विक्रमसिंह सीमोल्लंघन म्हणून चंबळच्या बीहडात, तिथल्या मातीच्या घळींत, जीप घेऊन गेला, टायरची हवा उतरतेय हे कळलं नाही, चढावर जीप कलंडली आणि स्वारी हात गळ्यात बांधून ग्वाल्हेरला परतली. हाड सांधलं, पण हिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. आणि यंदा पुन्हा तेच बीहड! जित्याची खोड म्हणतात ती काही उगाच नाही. तिने साफ सांगून टाकलं, टायरची हवा दाखवणारं यंत्र बसवायचं आणि मलाही बरोबर न्यायचं, नाहीतर जीप दारातून हलणार नाही.

फूलबागेजवळच्या दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या. एकीचे सेन्सर टायरच्या आत बसतात, दगडधोंड्यांना दाद देत नाहीत, पण त्यासाठी टायर उतरवावे लागतात. दुसरीचे सेन्सर म्हणजे चार काळ्या टोप्या. हवा भरायच्या नळीवर हाताने फिरवल्या की झालं. फक्त प्रत्येकीवर आकडा चिकटवलेला, ज्या चाकाची टोपी त्याच चाकावर. स्मृतीला आतले हवे होते. विक्रमसिंहाला धीर कुठला! उद्या खंडेनवमी, पूजा झाली की दसऱ्यापर्यंत गाडी हलवायची नाही, म्हणून त्याने टोप्यांचाच हट्ट धरला. वाळूत आम्ही मुद्दाम हवा कमी करतो, तेव्हा हे उगाच बोंबलत बसेल का, असं ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. इशाऱ्याची हद्द खाली आणता येते हे दुकानदाराने करून दाखवलं, तेव्हा कुठे ती हो म्हणाली. तरी मनात पाल चुकचुकतच होती.

खंडेनवमीला सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, तलवार, कट्यार, जीपचा जॅक, पाने असं सगळं मांडून पूजा केली. स्मृती पुरणात अडकलेली. तिने लांबूनच हात जोडले.

दसऱ्याला बीहडातली वाळू संपून चढ लागणार, तोच यंत्र ओरडलं. पुढच्या डाव्या चाकातली हवा जातेय म्हणे. विक्रमसिंह उतरला, टोपी काढून बायकोच्या हातात दिली, गेज लावून पाहिलं. हवा अगदी बरोबर.

"अरे छोड ना, त्या दुकानदाराने खराब पीस दिलाय," म्हणत त्याने यंत्रच बंद केलं.

स्मृती मात्र हातातल्या टोपीकडे बघत राहिली. आतल्या आट्यांत कुंकू होतं, आणि वरचा आकडा गायब. कुंकू आत जाईलच कसं, टोपी काढल्याशिवाय? अगं बाई! म्हणजे सासूबाईंनी टोप्या काढून पूजेत मांडल्या, रिवाजाप्रमाणे दुधाने धुतल्या, आकडे निघाले, आणि मग हाताला येईल ती टोपी येईल त्या चाकावर बसवली. यंत्र खरं बोलत होतं, फक्त चाक भलतंच दाखवत होतं. तिने वाकून किल्ली काढून घेतली.

"चारही चाकं बघितल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

तो कुरकुरला, पाय आपटले, पण गेला. मागच्या उजव्या चाकात बाभळीचा काटा घुसला होता आणि चाक निम्मं बसलं होतं. चढावर दरी त्याच बाजूला होती. त्याने एकदा दरीकडे पाहिलं आणि जॅक काढून चाक बदलायला बसला.

घरी येईपर्यंत स्मृतीने सासूबाईंना काय काय सुनवायचं ते मनात घोळवलं होतं. पण आपट्याचं पान हातात देताना त्यांनीच तिचा हात धरला.

"गेल्या वर्षी पूजेत चाकंच राहिली होती गं माझ्याकडून. म्हणून तसं झालं. वर्षभर डोळ्याला डोळा नाही. यंदा त्या टोप्यांनाही कुंकू लावलं. काही उपयोग झाला का?"

स्मृतीने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. तिला रडूच आलं.

"झाला ना, आईसाहेब. चाकात काटा आहे हे टोप्यांनीच सांगितलं," ती म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली.

मग सगळे सोनं वाटायला आत जमले, तेव्हा ती एकटीच जीपपाशी गेली. यंत्रावर ताडून पाहत तिने एकेक टोपी ज्या त्या चाकावर लावली. कुंकू मात्र पुसलं नाही.