रोज खोटा ब्रेड कापणारी सुरी

मी सुरी बोलतेय. ब्रेड कापायची, दातेरी. बोलतेय म्हणण्यापेक्षा भांडतेय म्हणा. आपली कहाणी शांतपणे सांगावी, हे मलाही कळतं. पण माझं डोकं फिरलंय, तेव्हा आवाज चढला तर कान झाकू नका.

एका कारागिराने मला घडवलं. माझा एकेक दात त्याने कानशीने घासून काढला आणि मागे लाकडी मूठ बसवली. दुकानात मी आठवडाभरसुद्धा राहिले नाही. एक बेकरीवाला आला, त्याने दातांवरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही ब्रेडला चेपत नाही, कापते. दे मला." तेव्हापासून तेच माझे मालक.

मालकांची एक सवय होती. सकाळी भट्टीतून पहिली खेप निघाली की त्यातला एक ब्रेड ते माझ्याकडून मधोमध कापून घ्यायचे आणि दोन्ही अर्धे, कापलेली बाजू गिऱ्हाइकांकडे करून, फळीवर मांडायचे. "आधी आतून बघा, मग घ्या," असं प्रत्येकाला सांगायचे. मालकीणबाई कुरकुरायच्या, "अहो, रोज एक ब्रेड वाया जातो." मालक म्हणायचे, "जाऊ दे गं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तो ब्रेड कापताना मला घाम फुटायचा. गल्लीच्या टोकाला गिरणी होती, तिथलं पीठ यायचं, कोंड्यासकट. आदल्या दिवशीची आंबलेली कणीक त्यात मिसळून मालक गोळा दिवसभर झाकून ठेवायचे. घाई म्हणून नव्हती. कड जाड, आत कोंड्याचे ठिपके, आणि दोन काप खाल्ले की माणूस तिसऱ्याला हात लावत नसे.

मग गिरणी बंद पडली आणि कारखान्याची पोती येऊ लागली. आतलं पीठ असं पांढरंफटक की भिंतीला लावावं. पीठ महिनोन्‌महिने टिकावं म्हणून दाण्याचा कोंडा काढलेला, कोंब काढलेला. राहिलं काय, तर नुसता मैदा. गहूही नव्या जातीचा. रोपं बुटकी, उतारा भरघोस. चार तोंडांना जास्त मिळावं म्हणून माणसांनी तो गहू आणला, त्याला मी नावं ठेवत नाही. पण दाण्यात जे चांगलं होतं ते खरवडून फेकायचं, उरलेल्याला झटपट फुगवायचं आणि वर 'आधुनिक' म्हणून मिरवायचं, याचा मला संताप येतो.

मालकांचे गुडघे गेले तेव्हा बेकरी मुलाकडे आली. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल, सुरीला कापण्याशिवाय येतं काय! राबणारा आहे, आईबापाला जपणारा आहे. पण एक दिवस गिऱ्हाइकं विचारायला लागली, "पांढरा नको, तब्येतीला चांगला असा ब्रेड आहे का?" आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली. मैदा तोच. त्यात जाळलेल्या साखरेचा काळा पाक ओतला, वरून मूठभर ओट्स भुरभुरले आणि पिशवीवर छापलं, 'ब्राऊन ब्रेड, आरोग्यासाठी'.

त्या खेपेतला पहिला ब्रेड त्याने माझ्याकडूनच कापून घेतला. कसला ब्रेड! कापसात शिरावं तशी मी आरपार गेले. कोंड्याचा एक कण माझ्या दाताला लागला नाही. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं, पण सुरीला तोंड कुठलं? पुढे काप पाडायचं यंत्र आलं, सगळं पिशवीत बंद झालं, फळीवरचा उघडा ब्रेड गेला आणि मी मालकांच्या घरी स्वयंपाकघरात येऊन पडले.

मालकांना साखरेचा त्रास जुनाच, पण वर्षभरात ती फार वाढली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मैद्याचं बंद. अख्ख्या धान्याचा ब्रेड घ्या, तोही बेताने." मालक हसतच घरी आले. "अगं, काळजी कसली? आपल्याच भट्टीचा ब्राऊन आहे की!" त्यांनी मुलाला सांगून टाकलं, की मला न कापलेला अख्खा पाठव, माझी सुरी आहे. मुलगा फोनवर नुसतं 'बरं' म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेड यायला लागला.

तुम्ही म्हणाल, जन्मभर ब्रेड भाजलेल्या माणसाला कळलं कसं नाही? कसं कळणार? पिठाच्या धुळीने नाक केव्हाच कामातून गेलेलं. नजर अंधुक. साखरेने बोटांची टोकं बधिर झालेली. गरम कपसुद्धा त्यांना कळायचा नाही. आणि शंका घ्यायची तरी कुणावर, पोटच्या पोरावर? उलट 'ब्राऊन आहे, काही होत नाही' म्हणत दोनाच्या जागी ते पाच काप खायला लागले. ते पाचही काप माझ्या दातांखालून जायचे. रोज. या पापात मीही वाटेकरी आहे, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.

पायाच्या बोटाला जखम झाली. साधी, नवी चप्पल चावल्याची. ती भरेना. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही खाता तरी काय?" मालक अभिमानाने म्हणाले, "ब्राऊन ब्रेड. घरचाच!" शेवटी दवाखान्यात ते बोट कापावं लागलं. सगळा दोष ब्रेडचा नाही. दुखणं जुनं होतं, पथ्यात हयगय होती. पण रोज पाच वेळा ज्याने भर घातली, त्याला सोडून द्यायचं का?

मालक घरी आले त्या दुपारी मुलगा स्वतः ब्रेड घेऊन आला. मालकांनी मला चाचपडत उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"काप. आणि आतून कसा झालाय ते सांग. माझं नाक, डोळे, बोटं, सगळं संपलं. आता तूच बघ."

त्याने मला ब्रेडवर टेकवलं. मी मुद्दाम अडकले म्हणावं तर तेही खोटं ठरेल. त्या ब्रेडमध्ये अडकण्यासारखं काही नव्हतंच. अर्ध्यावर त्याने मला खाली ठेवलं.

"बाबा, हा खाऊ नका."

"का रे? शिळा आहे?"

"मैद्याचा आहे. रंग घातलाय. पहिल्यापासून."

मालकीणबाईंनी हातातलं दुधाचं पातेलं ओट्यावर आपटलं. "अरे, बापाला घालत होतास हे?"

मुलगा रडायलाच लागला. "चुकलं, आई. सांगायचा धीर झाला नाही. बाबा, उद्यापासून तुमच्यासाठी वेगळा करतो. अख्ख्या पिठाचा, दिवसभर आंबवलेला, अगदी तुमच्यासारखा."

मालकांनी अर्धवट कापलेला ब्रेड चाचपडत बाजूला सारला. मग म्हणाले, "माझ्यासाठी वेगळा. आणि ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना?"

"लोकांना मऊच हवा असतो, बाबा."

"मग मऊ म्हणून वीक. औषध म्हणून विकू नकोस!"

त्यांना एवढ्या मोठ्याने ओरडताना मी बेकरीतही कधी ऐकलं नव्हतं. मुलगा मान खाली घालून निघून गेला.

आता मालकीणबाई घरीच अख्ख्या धान्याचा ब्रेड करतात. पहिले दोन असे झाले की माझे दात पडायचे बाकी होते. आता जमतो. मालक दोनच काप खातात, मोजून.

आणि तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून दटावूनच सांगते. रंगाला भुलू नका. वर चिकटवलेल्या दाण्यांना भुलू नका. पिशवी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. पहिलाच शब्द मैदा असेल तर पुढचं सगळं नटणं आहे. चष्मा लागत असेल तर चष्मा घेऊन दुकानात जा, पण वाचा.

मालक रोज सकाळी बेकरीत फोन लावतात आणि एकच प्रश्न विचारतात. आजही विचारला, "ब्राऊनमध्ये काय घातलंस?"

पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा, समोर गिऱ्हाईक आहे. नंतर बोलतो."