माणूस नसलेले फोटो

फोटो गेले हे मच्छिंद्रला कळलं ते जुन्या जालन्यात, अप्पारावच्या स्टुडिओत, खांद्यावर ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा असताना. वाटूर फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. माल न्यायला तो जालन्याला यायचाच, पण त्या दिवशी माल हे निमित्त होतं. त्याची बायको उषाबाई जाऊन दीड महिना झाला होता, आणि तिनं काढलेल्या फोटोंचा रोल त्यानं अप्पारावकडे धुवायला दिला होता.

अप्पारावनं पाकीट पुढं केलं. आत तीनच फोटो निघाले. तिन्हींत मच्छिंद्रच उभा.

"बाकीचे?"

बाकीचे रिकामे होते, अप्पाराव म्हणाला. रिकामे म्हणजे काय, जळाले का, असं मच्छिंद्रनं विचारलं. तर तसं नाही, आले होते चांगले, पण माणूसच नव्हता त्यात. नुसतं पाणी, नुसते दगड, एकात नुसती होडी. म्हणून छापले नाहीत.

मच्छिंद्रनं निगेटिव्ह मागितली. अप्पारावनं एक बोटभर लांबीचा तुकडा दिला. त्यातही मच्छिंद्रच होता.

गोष्ट अशी होती की खेड्यापाड्याची गिऱ्हाइकं अप्पारावशी फार भांडायची. झाडाचा फोटो कशाला छापला, झाड आमच्या बांधावर हाय की, म्हणायची. तेव्हापासून त्यानं रीतच पाडली होती. रोल औरंगाबादहून धुऊन आला की तो उजेडात धरायचा, माणसं असतील तेवढे तुकडे कापून ठेवायचा, बाकीचे टोपलीत. टोपली मागच्या बोळात रिकामी व्हायची, आणि बोळात हमाल शेकोटी करायचे.

"तुमचा रोल तर मी भिंग लावून पाहिला, मच्छिंद्रभाऊ," अप्पाराव म्हणाला. "वहिनी गेल्या हे ठाव होतं मला. म्हणलं, त्यांचा एखादा चेहरा भेटला तर मोठा करून फ्रेम लावून देऊ, आपल्याकडून. बिलकुल कुठंच न्हाईत त्या."

"ती कशी असंल?" मच्छिंद्र म्हणाला. "फोटो ती काढून राह्यली होती."

अप्पारावनं मागच्या बोळाकडं बोट केलं. मच्छिंद्रनं ट्यूबा तिथंच टाकल्या आणि मागच्या बोळात गेला.

उषाबाई अंगणवाडीत शिकवायची. तिचा भाऊ रामकिसन मालवणला शाळेवर मास्तर होता. मराठवाड्यातल्या पोरांना तेव्हा नोकऱ्या तिकडंच लागत. बायकोला त्यानं शहागडला आईजवळ ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं बहीण-दाजींना मालवणला बोलावलं. निघायच्या आधी उषाबाई शहागडला आईला भेटून आली. चांगुणाबाई, तिची आई, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच होती. सगळा जन्म गोदावरीच्या काठावर गेलेला. गोदेचा पूर तिनं पाहिला होता, आणि त्याहून मोठं पाणी असतं हे तिला पटत नव्हतं. समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही, असं उषाबाईनं रामकिसनकडून ऐकलेलं सांगितलं तर म्हातारी हसली. म्हणाली, तुमचे डोळे कच्चे, काठ न्हाई असं पाणी राहील कशात?

"सांगत न्हाई मी आता," उषाबाई म्हणाली होती. "दाखवते."

मालवणात रामकिसनचा कॅमेरा तिनं हातात घेतला तो सोडलाच नाही. पहिले तीन फोटो नवऱ्याचे काढले, हात बसावा म्हणून. मग त्याला बाजूला केलं. दाजी आणि मास्तर पाण्यासमोर ऐटीत उभे राहिले की ती म्हणायची, सरा तिकडं. आईला फोटो दाखवला तर ती माणसंच पाहत बसंल. कोण बारीक झालं, कुणाच्या अंगावर कसला शर्ट आहे. पाणी पाहणारच न्हाई. म्हणून एकही माणूस येऊ द्यायचा नाही. बंदरावर ती लोक जाईपर्यंत ताटकळत उभी राहायची. पाण्यातला किल्ला तिनं काठावरून काढला, मग होडीतून काढला, मग तटावर चढून पलीकडचं मोकळं पाणी काढलं. चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत पालथ्या पडलेल्या होड्या काढल्या, वाळत घातलेली जाळी काढली. एका सकाळी रापणीचं जाळं ओढणारे कोळी मधे येत होते, तर तिनं त्यांनाच सांगितलं, भाऊ, जरा थांबता का. ते हसले आणि खरंच थांबले. रामकिसन म्हणाला, ताई, माणसं नसलेले फोटो कोणी काढतं का? ती म्हणाली, मी काढते.

परत आल्यावर तिला कावीळ झाली. रोल लाडूच्या डब्यात तसाच राहिला. माघात ती गेली. तेराव्याला मच्छिंद्र सासूच्या खाटेजवळ बसला, तेव्हा म्हातारीनं एकच विचारलं, फोटो कधी येणार. जल्दीच आणतो, असं तो म्हणाला होता.

बोळात राखेचा ढीग होता. मच्छिंद्रनं गुडघे टेकून तो हातांनी उपसला, आणि ते फोटो सासूला समुद्र दाखवायला होते, असं मागं आलेल्या अप्पारावला ओरडून सांगितलं. निगेटिव्हचे तुकडे वितळून गोळे झाले होते. एक तुकडा बरा निघाला. त्यानं तो आभाळाकडं धरला. कुणाचीतरी म्हैस होती.

बाहेर चार दुकानदार जमले होते. एक कापडवाला म्हणाला, अहो, माणूस गेलं तुमचं, फोटोचं काय घेऊन बसलात. मच्छिंद्रनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दुकानात शिरला.

अप्पारावनं तोवर भिंतीवरचं एक कॅलेंडर काढून आणलं होतं. त्यावर समुद्र होता, मावळता सूर्य, नारळाचं झाड. म्हातारीला हे दाखवा, तो म्हणाला, समुद्र सगळे सारखेच. मच्छिंद्रनं ते घेतलं, दोन्ही हातांनी फाडलं, आणि तुकडे काउंटरवर बराबर रचून ठेवले.

"उषा गेली तवा मी कुणावर चिडलो न्हाई," तो म्हणाला. "कावीळ झाल्ती. काविळीला कुठं धरू? आता धरायला माणूस भेटला मला."

त्यानं अप्पारावची कॉलर खरोखरच धरली होती. अप्पाराव सुटायला धडपडला नाही, आणि त्याचाच मच्छिंद्रला जास्त राग आला. भला माणूस. भिंग लावून तिला शोधत बसला, आणि तिनं जे पाहिलं ते टोपलीत टाकलं. लबाड असता तर एक कानफटात ठेवून मोकळं होता आलं असतं. त्यानं कॉलर सोडली, ट्यूबा उचलल्या आणि वाटूरची बस सोडून शहागडची धरली.

अंबडपर्यंत तो उभाच होता. जागा मिळाली तरी बसला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, पाव्हणं, काय होतंय का तुम्हाला? तो म्हणाला, काही न्हाई, ट्यूबा हायेत.

चांगुणाबाईंनी त्याच्या हातांवरची राख पाहिली. सुनेनं पाणी दिलं. मच्छिंद्रनं पाकीट दिलं. म्हातारीनं तिन्ही फोटो डोळ्यांपाशी नेऊन पाहिले.

"बारीक झालात जावईबापू," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं दात आवळले. उषा बरोबर म्हणाली होती.

म्हातारीनं तिसरा फोटो पुन्हा घेतला. तो बंदरावरचा होता. मच्छिंद्र मधोमध उभा, छाती काढून, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याची एकेक पट्टी.

"हे पाणी?"

"हो, मामी."

"अन् काठ?"

"न्हाई काठ. तेच तर हाय."

म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं बोट त्याच्या चेहऱ्यावर ठेवलं. "काठ तुमच्या डोक्यामागं असंल," ती म्हणाली.

त्याला फोटो हिसकावून चुलीत घालावासा वाटला. पण म्हातारी थट्टा करत नव्हती. मग त्यानं सगळं सांगितलं, अप्पारावचं, टोपलीचं, शेकोटीचं. त्यानंतर किल्ला सांगितला, होड्या सांगितल्या, कोळी थांबले ते सांगितलं, तटावरून दिसलेलं मोकळं पाणी सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका चढला की सून दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं, दाजी आईंना रागावताहेत.

चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी सांगितलं," ती म्हणाली. "ती दाखवते म्हणली व्हती."

रामकिसनला कळलं तेव्हा त्यानं फाट्यावरच्या एसटीडीवर फोन केला. म्हणाला, दाजी, कॅमेरा हाय, मालवण हाय, मी नवे काढून पाठवतो. मच्छिंद्रनं फोनवरच त्याला झापलं. तू मास्तर हायेस, म्हणाला, तू पाण्यासमोर शाळेची पोरं उभी करशील. ती कुठं उभी राह्यली, कुठं वाकली, कोणत्या दगडावर चढली, तुला काय ठाव? तू तर निम्मा वेळ चहा पीत होतास. मला ठाव हाय. मी येतो.

त्यानं नवा रोल आणला, अप्पारावकडून नाही. तो दुकानात सोल्यूशनच्या नळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. उन्हाळ्यात ट्रकांचे टायर फुटतात, तेव्हा दुकान बंद ठेवता आलं नाही. पावसाळ्यात मालवणच्या होड्या बंद असतात. दिवाळीला उषाबरोबरचे मालवणचे दिवस आठवून तो घरातून बाहेरच पडला नाही, आणि जो समजवायला आला त्याच्याशी भांडला. अप्पाराव एकदा फाट्यावर बसमधून उतरून दुकानाकडं आला होता. मच्छिंद्रनं पान्हा खाली ठेवला नाही, आणि अप्पाराव पुढची बस धरून परत गेला.

तीन फोटो म्हातारीजवळच आहेत. ती ते आल्यागेल्याला दाखवते, जावई म्हणून. रोल कोराच आहे. चांगुणाबाईंना समुद्र दाखवायचा राहिला आहे.